दुसऱ्याचं दुखणं अंगावर येतं, ही माया की आणखी काही?

आशाताई, अमळनेर तालुका
मी ११ वर्षं आशा आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. एका घरी १४ व्या दिवशी गेले, तर बाळ आदल्या रात्रीच गेलेलं. वजनाची झोळी पिशवीतच राहिली. बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, पदर दुधानं ओला. ती रडत नव्हती, मीच रडले. घरी आले तर माझी छाती ठणकायला लागली. माझं धाकटं नववीत आहे हो! दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. नवरा म्हणतो, लोकांची मढी तू घरी आणते. आज २६ वा दिवस. वहीत २१ ची भेट कोरीच आहे, पाऊलच उचललं नाही. गावात मला मायाळू म्हणतात. माया असती तर गेले असते ना?

निवृत्त मास्तर, धुळे
मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडनं १९२१ मध्ये समूहाच्या मानसशास्त्रावर लिहिताना वसतिगृहातल्या मुलींचा दाखला दिलाय. एकीला गुप्त प्रियकराचं पत्र येतं, मत्सरानं तिला झटका येतो, मग मैत्रिणींनाही येतात. आपण म्हणू, तिची कीव आली म्हणून. तो म्हणतो, उलट आहे. 'मीही तिच्या जागी असू शकते' हे तादात्म्य आधी, कीव त्याच्या मागून. राग मानू नका, पण तुम्ही रडलात कोणासाठी? लिहिण्यात तुमची छाती आहे, तुमची भाकरी आहे. त्या बाईचं काय चाललं होतं ते नाही.

भुसावळकर
मास्तर, दारावर आलेल्या बायका बघा की. गळ्यात पडतात मयताच्या बायकोच्या, हेल काढतात आपापल्या मेलेल्यांच्या नावानं. आमची आजी तर लोकांच्या दारात आजोबांना शिव्या देत रडायची.

चोपड्याची, समुपदेशन शिकतेय
कोहुट या मनोविश्लेषकानं १९५९ च्या लेखात समानुभूतीला माया म्हटलंच नाही. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते आपल्या आतून हुडकायची ती रीत, ठकालाही जमते. तुमच्यासाठी बिऑन हा दुसरा मनोविश्लेषक जास्त कामाचा. तान्ह्याची भीती आई स्वतःत घेते, पचवते, त्याला सोसेल अशी करून परत देते. आईच भेदरली तर पोराची भीती वाढते. मनोविश्लेषक मेलनी क्लाइनचं नाव घेऊन कोणी म्हणेल, त्या बाळंतिणीनं तिचं दुःख तुमच्यात ढकललं. ते मला फार सोयीचं वाटतं. सगळा माल तिचा, आपण कोरे!

आशाताई
मास्तर, राग आलाच होता. माझं पहिलं सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा सासरी कोणी रडू दिलं नव्हतं.

काल २८ वा दिवस होता. पिशवी घरी ठेवून गेले. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, 'माय, त्या दिन तू इतली रडनी, मन्हं रडनं राहीच गयं.' मला पाण्याचा तांब्याही तिनंच आणून दिला होता म्हणे, ओला पदर सावरत. मला आठवतच नव्हतं.

मग मी गप्प बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, दूध अजून येतं. कुठं दुखतं, हे तेव्हा विचारलं मी.