हरभऱ्याच्या रानात ढेकळाआड घरटं सापडलंय, नांगरट किती दिवस थांबवू?

कोरडवाहू:
नमस्कार मंडळी. हरभरा काढून रान मोकळं झालंय, ट्रॅक्टर सांगून ठेवलाय. काल संध्याकाळी बांधापासून थोडं आत पायाजवळून एक पाखरू भर्रकन उठलं. खाली बघितलं तर ढेकळाच्या आडोशाला लहानसा खळगा, आत वाळल्या गवताचं अस्तर आणि दोन अंडी. मळकट पांढरी, वर तपकिरी ठिपके. खळग्याच्या कडेला बारीक खडे मांडल्यासारखे दिसतात. उठलेलं पाखरू चिमणीहून लहान, डोकं राखाडी, खालून सगळं काळं. थोड्या वेळाने दुसरं आलं, ते मातकट, चिमणीच्या मादीसारखं.
हे कोणतं पाखरू? घरटं अलगद उचलून बांधावर ठेवलं तर चालेल का? ऊन फार आहे, वरून काही सावली करू का?

माळावरची:
दादा, हा डोंबारी. चंडोलांच्या कुळातला, जेमतेम १२-१३ सेंटिमीटरचा. राखाडी टोपी, डोळ्यातून जाणारा काळा पट्टा आणि काळं पोट म्हणजे नर. मातकट रंगाची ती मादी. अंड्यांवरून उठला तो नर, हे तुम्ही नेमकं टिपलंत. या जातीत नर आणि मादी दोघंही आळीपाळीने अंड्यांवर बसतात आणि पिल्लांना दोघंही भरवतात.

आता महत्त्वाचं. घरटं हलवू नका. एक वीतभरसुद्धा नाही. पाखरू परत येतं ते जागेच्या खुणेवर: ते ढेकूळ, ती काडी, तो उतार. जागा बदलली की बहुतेक वेळा घरटं सोडूनच देतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानपाखरांची अंडी-घरटी हलवणं शिकारीत मोडतं.

सावलीही करू नका. ती सोय त्यांनी स्वतःच केली आहे. ढेकळाच्या कुठल्या अंगाला घरटं आहे ते लांबून बघा; भर उन्हात सावली कुठे पडते तेही बघा. माळावर या दिवसांत अंड्यांना ऊब कमी पडत नाही, ती भाजू नयेत हीच काळजी. म्हणून दुपारी पाखरू घरट्यावर उभं राहून आपल्या अंगाची सावली धरतं. तुम्ही दुपारी जवळ गेलात, ते उठलं आणि तुम्ही तिथेच बघत बसलात, तर तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात. जायचंच तर सकाळी लवकर, तेही लांबून.

खूण म्हणून काठी रोवणार असाल तर घरट्याशेजारी रोवू नका. उघड्या रानात काठी दिसली की खाटीक, कोतवाल, कावळा ही पाखरं तीच बैठक धरतात आणि वरून त्यांना सगळं दिसतं. बांधावर दगड रंगवा आणि तिथून पावलं मोजून ठेवा. रोज एकाच वाटेने जाऊ नका. कुत्री आणि मुंगूस माणसाच्या वासामागे येतात.

दिवस म्हणाल तर अंडी फुटायला साधारण दोन आठवडे लागतात. ती कधी घातली हे आपल्याला कळत नाही, म्हणून आजपासूनच मोजा. पिल्लांना धड उडता येण्याआधीच ती घरटं सोडून ढेकळांमधून पळू लागतात. एकूण महिनाभर तेवढा तुकडा सोडा. सगळं रान थांबवायची गरज नाही. घरट्याभोवती चहूबाजूंनी दहा-दहा पावलं पुरेत, ट्रॅक्टर वळायची जागा त्याच्या बाहेर ठेवा.

बांधावरून:
आमच्याकडे ज्वारीच्या रानात दरवर्षी असतात. मेंढरं बसवायला आली की मेंढक्याला आधी जागा दाखवतो, तो कळप तेवढ्यापुरता वळवून नेतो. माझं म्हणणं, वर टोपली पालथी घालून एका बाजूने फट ठेवली तर कुत्र्यापासून वाचेल.

माळावरची:
मेंढक्याला सांगता हे फार चांगलं करता. टोपलीचं मात्र नको. उघड्यावर घरटं करणाऱ्या पाखराचा सगळा भरवसा नजरेवर असतो. चारी बाजूंचं दिसत राहिलं तरच ते शेवटच्या क्षणापर्यंत दबून बसतं आणि वेळेवर उठतं. टोपलीखाली त्याला काहीच दिसणार नाही. ते बसणारच नाही, आणि बसलंच तर आत कोंडलेलं सापडेल. पाठीचा रंग मातीत इतका मिसळतो की निश्चल बसलेली मादी मला दोन पावलांवरूनही दिसलेली नाही. तेच त्यांचं कुंपण.

नवा_दुर्बीणवाला:
मला सोलापूरकडे माळावर एक चंडोल दिसला, डोक्यावर टोकदार तुरा होता. तोही डोंबारीच का?

माळावरची:
नाही, डोंबारीला तुरा नसतो. दख्खनच्या कोरड्या पठारावर तुरा दिसला तर बहुधा साइक्सचा चंडोल. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात या चंडोलाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. तो फक्त भारतात सापडतो. डोंबारीचा पसारा मोठा: भारताच्या बहुतेक सपाट, कोरड्या भागात, शिवाय पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका.

ओळखायचा तर नराचं उडणं बघा. फडफडत सरळ वर चढतो, शंभरेक फुटांवर पोचला की पंख मिटून खाली सूर मारतो. पडता पडता पंख उघडून त्याच वेगावर पुन्हा वर, पुन्हा पंख मिटून खाली, आणि प्रत्येक सुराला एक लांब शीळ. अशी वेलांटी काढत काढत शेवटी एखाद्या ढेकळावर उतरतो. हे बघायला मी दुपारचं जेवण टाकून बांधावर बसते.

थोडं विषय सोडून. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं, तो सगळा गवताचा माळ. तसे माळ बाकी ठिकाणी कागदोपत्री ‘पडीक’ ठरतात आणि कुणीतरी चांगल्या मनाने तिथे झाडं लावायला जातं. मला त्याचा फार त्रास होतो. झाडं वाढली की डोंबारी ती जागा सोडतो, चंडोल सोडतात, माळावर पळणारा धाविक पक्षीही सोडतो. उघडा माळ हेच त्यांचं घर आहे. झाडं लावायला गावठाण आहे, रस्त्याची कड आहे.

कोरडवाहू:
ताई, ट्रॅक्टरवाल्याशी बोललो, तुकडा सोडतोय. शेजारच्या पट्ट्यात भाजीवर फवारणी करायची होती, तिचं काय करू? आणि पिल्लं बाहेर पडली की लगेच नांगरलं तर चालेल?

माळावरची:
फवारणी पुढे ढकलता आली तर ढकला. मोठी पाखरं गवताचं बी, सांडलेलं धान्य टिपतात, पण पिल्लांना ती किडे भरवतात. मेलेले, विष लागलेले किडे त्यांच्या चोचीत जायला नकोत. अगदीच अडलं तर वारा घरट्याकडे नसताना करा.

घरटं रिकामं दिसलं तरी लगेच नांगर घालू नका. पिल्लं जवळच ढेकळांत दबून असतात, आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की पळण्याऐवजी अजून दबतात. आठवडाभर जाऊ द्या. मग सुरुवात बांधापासून लांबच्या टोकाकडून करा आणि पट्टा पट्टा करत बांधाकडे या, सावकाश. म्हणजे त्यांना पळायला बांधाचं गवत मोकळं राहील. आणि ट्रॅक्टरपुढे एक माणूस चालता ठेवा.