मदत हवी आहे: एल्कच्या शिकारीत जागा बदलू की टिकून राहू?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या बाजूच्या सरकारी जंगलात धनुष्यबाणाने एल्कची (एक मोठं हरीण) शिकार करतोय. परवाना आहे. जंगल सगळ्यांना खुलं, त्यामुळे रस्त्यालगत शिकाऱ्यांची गर्दी. सीझनच्या सुरुवातीला पहाटे नरांच्या लांबलचक आरोळ्या ऐकू यायच्या. आता सप्टेंबरचा ऐन माजाचा काळ, तरी सगळं चिडीचूप. पण उत्तर उतारावरच्या दाट झाडीत ताज्या लेंड्या आहेत, चिखलात लोळल्याच्या खुणा आहेत. कळप तिथेच आहे, असं माझं ठाम मत.

माझा वास कळपाकडे जाऊ नये म्हणून वारा सांभाळतोच: पहाटे थंड हवा दरीत उतरते तेव्हा खालून वर जायचं, ऊन तापून हवा वर वाहू लागली की वरून यायचं.

नशिबाचा भाग मोठा हे मान्य, पण नशीब उघडेल तेव्हा माणूस योग्य जागी हवा. तर त्या लोळणीपाशी दिवसभर दबा धरून बसू, की पलीकडची दरी गाठू? नराच्या आरोळीची नक्कल करून हाक काढणं थांबवावं का?

आणि एकट्याने एवढ्या जनावराचं मांस डोंगरातून खाली आणायला तुम्हाला किती फेऱ्या लागल्या? दुपारच्या उन्हात ते कसं टिकवलंत? किती आत जायचं, हे मी त्यावरच ठरवणार आहे.