मदत हवी आहे: भेंडीत पिवळे चिकट सापळे, मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी, आमची मुरबाडकडे अर्धा एकर भेंडी आहे, माल वाशी मार्केटला जातो. गेल्या वर्षी केवडा रोग आला आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडत अर्धा प्लॉट गेला, आईने स्वतःच्या हाताने झाडं उपटली ते अजून डोळ्यासमोर आहे. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाड धरलं की औषध नाही, म्हणून यंदा माशी आधीच कळावी यासाठी पिवळे सापळे, म्हणजे चिकट कार्डं, लावलेत, शेंड्याच्या जरा वर, पीक वाढेल तसे वर सरकवतोय.

काल एक कार्ड काढून बघितलं तर पांढरी माशी, हिरवे तुडतुडे, चिलटं सगळं एकत्र चिकटलेलं, आणि मधे दोन लेडीबर्ड पण, ते बघून वाईट वाटलं कारण ते तर मावा खाणारे आपले मित्रकीटक. रस्त्याकडचं कार्ड धुळीने भरून चिकटपणाच गेलेला.

आता विचारायचं हे की तुम्ही पूर्ण कार्ड मोजता का एक चौकोन आखून तेवढंच? आठवड्यातून एकदा पुरतं का? आणि किती माशा दिसल्या की निंबोळी अर्क मारायचा, का कार्डापेक्षा पानाखाली बघूनच ठरवायचं? फुलकिडीसाठी निळे पण लावावेत का?

कुणी पत्र्याला पिवळा रंग देऊन एरंडेल लावून घरीच सापळे केले असतील तर ते पावसाळ्यात टिकतात का तेही सांगा प्लीज.