चांदोदला नर्मदास्नान आणि मगरी : मुलं बरोबर असताना काय काळजी घ्यावी?

दांडियाबाजार_बडोदा:
मे महिन्यात मंडळाची एक दिवसाची सहल चांदोदला आहे, बडोदा जिल्ह्यात नर्मदा-ओरसंग संगम आहे तिथे. ३५ माणसं, त्यात लहान मुलं आणि आज्या. आज्यांना संगमावर स्नान हवंच आहे. घाटावर गर्दी असली की मगर येत नाही म्हणतात, ते खरं का?

नदीकाठ:
गर्दीवर भिस्त ठेवू नका. गढूळ पाण्यात मगर फक्त डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून थांबते, कधी तेवढंही दिसत नाही. हल्ला होतो तो बहुधा काठाशीच, उथळ पाण्यात : अंघोळ करणाऱ्यावर, कपडे धुणाऱ्यावर, वाकून तांब्या भरणाऱ्यावर.

त्यात मे महिना नाजूक. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठच्या वाळूत खड्डा करून २५-३० अंडी घालते, पिल्लं मे-जूनमध्ये निघतात. तोवर ती घरट्याजवळच असते, कुणी जवळ गेलं तर अंगावर येते. मुलांना घाट सोडून वाळूत किंवा झाडोऱ्यात खेळायला मुळीच सोडू नका.

स्नानासाठी बादलीला लांब दोरी बांधा. वरच्या पायऱ्यांवरून पाणी ओढा आणि आणखी मागे येऊन आज्यांच्या अंगावर घाला. नर्मदेचंच पाणी आहे, पुण्य कमी होत नाही. अंधार पडायच्या आत घाट सोडा.

ओरसंगकाठ :
नावाड्याला नुसतं ‘मगर आहे का’ विचारू नका, ‘या आठवड्यात कुठे दिसली’ असं विचारा. ओली वाळूही बघा : पोट घासत गेल्याची गुळगुळीत पन्हळ, दोन्हीकडे नखांचे ठसे, मधोमध शेपटीची रेघ. असं दिसलं तर तिथून मागे फिरा. कणकेचे गोळे, उरलेलं जेवण पाण्यात टाकू नका. त्यावर मासे जमतात आणि माशांमागे मगर. नावेत मुलांचे हात पाण्याबाहेरच हवेत.

मांजलपूर:
मग मगरी पकडून दुसरीकडे का नेत नाहीत? २०१९ मध्ये सरदार सरोवर धरणाजवळच्या केवडियातून दुसरीकडे नेल्याच होत्या ना?

नदीकाठ:
तो सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) उतरवण्यासाठीचा तलाव होता. वाहत्या नर्मदेतून किती काढणार? मोकळ्या डोहात दुसरी येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे मगर, वनखात्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

आणि दगड मारू नका. कुणाला धरलंच तर सोडवायला पाण्यात उडी नको. काठावरून बांबू, दोरी द्या. धरलेल्याने डोळ्यांवर जोरात मारत राहावं. जखम लहान दिसली तरी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन लगेच दवाखान्यात, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच. मगरीच्या दातांची जखम फार लवकर चिघळते.