रामायण ॲनिमेशनपटावरून केलेलं सेतूचं चित्र: ही नक्कल का ठरावी?

ओएचपी_शीट (धागाकर्ती)

युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी दिग्दर्शित केलेला जपानी-भारतीय ‘रामायण’ आम्ही भावंडांनी कार्टून नेटवर्कवर किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. सुट्टीत तो लागला की कुंभकर्ण पडेपर्यंत जेवायला कुणी उठत नसे. २४ जानेवारी २०२५ ला तो भारतात पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा मुलीला घेऊन गेले. घरी आल्यावर सेतूचा प्रसंग काही डोक्यातून जाईना. पुढचे तीन महिने रात्रीची जेवणं आवरली की मी त्याच चित्रावर बसत होते.

चित्र लहानच आहे, ए-फोर. ओएचपी शीट, म्हणजे जुन्या प्रोजेक्टरवर ठेवतात ती पारदर्शक प्लास्टिकची शीट, त्याच मापात मिळते म्हणून. तळाला हातकागद, त्यावर पोस्टर कलरमध्ये आकाश आणि दूरची लंका. समुद्र चार ओएचपी शीटवर आहे, रंग प्रत्येक शीटच्या मागच्या बाजूने ॲक्रिलिकचा. दोन शीटच्या मध्ये माउंटबोर्डाच्या बारीक पट्ट्या ठेवल्यात, त्यामुळे वरच्या लाटेची सावली खालच्या लाटेवर पडते. वानर कागदातून कापून लावलेत. आणि सेतूचे दगड आजीच्या पोथीच्या कडांचे आहेत. पोथीला कसर लागली होती, पानं हातात घेतली की तुकडे पडायचे. अक्षरांचा एकही तुकडा मी घेतलेला नाही. फक्त कोरा समास, जिथे पान उलटताना तिचा अंगठा लागून लागून कागद काळपट झाला होता.

आमच्या भागातल्या एका हौशी प्रदर्शनासाठी चित्र दिलं, तर ते परत आलं. ‘हे फॅन आर्ट आहे, स्वतंत्र काम आणा,’ एवढाच शेरा. म्हणजे चाहत्याने दुसऱ्याच्या कलाकृतीवरून काढलेलं चित्र. तेव्हापासून हे मनात घोळतंय. तो चित्रपट मुळात कसा झाला? पारदर्शक शीटच्या पुढच्या बाजूला रेषा, मागच्या बाजूने सपाट रंग, खाली वेगळ्या हाताने रंगवलेला देखावा, आणि हे सगळं एकावर एक ठेवून कॅमेऱ्याखाली. थरांवर थर. मी त्याच पद्धतीने विचार करत समुद्र केला. फ्रेमचा स्क्रीनशॉट छापून वर रंग फासला असता तर शेरा मान्य केला असता.

शिसपेन्सिल

ताई, मेहनत दिसते, आणि मलाही हा चित्रपट तुमच्याइतकाच प्रिय आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो. शेरा अपुरा होता, पण चूक नव्हता.

तुमच्या चित्रात कॅमेरा कुठे ठेवायचा हे चित्रपटाने ठरवलंय. वानरांची ठेवण, रामाचा चेहरा, सगळं तिथून आलंय. तुमचं म्हणावं असं जे आहे ते साहित्य. त्यातही सगळा भार पोथीच्या कडांवर. दगड कशाचे आहेत हे न सांगता हे चित्र एखाद्या अनोळखी माणसासमोर ठेवा. त्याला काय दिसेल? पिवळट कागदाचे तुकडे. गोष्ट सांगितल्यावर गलबलून येतं, पण ते गोष्टीमुळे येतं. चित्राने स्वतः काय कमावलं, हे मला शोधावं लागतं.

दुसरं म्हणजे, त्या चित्रपटासाठी सुमारे १ लाख सेल, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या त्या पारदर्शक शीट, हाताने काढल्याचं सांगतात. सेलवरच्या रंगाला पोत नसतो. सपाट अंगाचा रंग, सपाट सावली, बास. त्या संयमामुळे रेषेला बोलायला जागा मिळते. आपण लाडाने त्यावर जर, कापड, सोनेरी वर्ख, जुना कागद चढवतो आणि रेषा गुदमरते. मिश्रमाध्यमाच्या नावाखाली बहुतेक फॅन आर्टचं हेच होतं, हे मी माझ्या चित्रकलेच्या वर्गात दरवर्षी पाहतो.

कुडाळकर

शिसपेन्सिल, ‘ठेवण तिथून आली’ हा आक्षेप मला पटत नाही. आमच्याकडे पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या आहेत. कागदावर चित्रं, आणि ती एकेक उलटत रामायणातली आख्यानं गायची. चेहरे एका बाजूने, डोळे टपोरे, रावण कसा उभा राहणार हे आधीच ठरलेलं. जुनी पोथी विरली की त्याच ठेवणीत नवी काढायची. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. रामकथेची चित्रं आपल्याकडे अशीच एका हातातून दुसऱ्या हातात आली आहेत. या ताईंच्या लहानपणी चित्रकथी टीव्हीतून आली, एवढाच फरक.

शिसपेन्सिल

फरक एवढाच नाही. चित्रकथी काढणारा लहानपणापासून घरात ती रेषा गिरवतो, तिच्यासोबत गातोही. ठेवण त्याच्या अंगात मुरलेली असते. आपण व्हिडिओ थांबवतो आणि ट्रेस करतो. थांबवलेल्या फ्रेमवरून काढलेला हात आणि मुरलेला हात वेगळे दिसतात. ताईंच्या वानरांचे हात बघा, सगळे एकाच क्षणी गोठल्यासारखे आहेत. ॲनिमेशनची एक फ्रेम ही दोन हालचालींमधली वाट असते. ती एकटी उचलली की मोडते.

तिन्हीसांज

मला माध्यमातलं फारसं कळत नाही. पण पोथी फाडून चित्रात लावणं मनाला लागलं. जीर्ण पोथी आमच्याकडे वाहत्या पाण्यात सोडतात. समासाला अक्षर नसलं तरी तो पोथीचाच भाग ना? आणि रामाचं कार्टून, त्यावर पुन्हा कात्रण. हे कुठेतरी थांबायला हवं असं मनापासून वाटतं.

ओएचपी_शीट

तिन्हीसांज, पोथी मी फाडली नाही, ती पडत होती. अक्षरांची पानं कापडात बांधून देवघरातच ठेवली आहेत. पाण्यात सोडायला माझा हात झाला नाही. आजी ती रोज संध्याकाळी वाचायची, आणि दगडांवर रामाचं नाव लिहिल्याने ते तरंगले ही गोष्ट मी तिच्याच तोंडून ऐकली. तिच्या अंगठ्याचा डाग सेतूत असावा असं वाटलं. यात अनादर असता तर माझा मलाच त्रास झाला असता.

कार्टूनबद्दल एक आठवण देते. हा आक्षेप खुद्द चित्रपटावरही आला होता. साको १९८३ मध्ये उत्खननावरचा माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. पण रामायण हा संवेदनशील विषय आहे, त्याचं कार्टून करता येणार नाही, अशी भूमिका आपल्या सरकारने घेतली आणि चित्रपट जपानमध्ये करावा लागला. तरी इथले चित्रकार त्यात होतेच. धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात हे त्यांनी जपानी चित्रकारांना दाखवलं. आज आपण मुलांना घेऊन तोच चित्रपट श्रद्धेने बघतो.

कलम_बावन्न

कायद्याचं थोडक्यात. रामकथेवर कुणाची मालकी नाही, पण या चित्रपटातल्या पात्रांच्या विशिष्ट रूपावर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. खासगी वापर, अभ्यास, समीक्षा यांना कलम ५२ मध्ये सवलत आहे. घरात लावा, मैत्रिणीला द्या, प्रश्न येत नाही. प्रिंट काढून विकायला लागलात तर येतो. ‘मी मिश्रमाध्यम वापरलं’ हा त्यावर बचाव नाही.

दमट_मुंबई

चर्चा चालू दे, पण चित्र वाचवा. ओएचपी शीटवर ॲक्रिलिक लावण्याआधी बारीक पॉलिश पेपर फिरवला नसेल तर वर्षभरात रंगाचे पापुद्रे सुटतील. पोथीचा कागद आणि फेव्हिकॉल बंद फ्रेममध्ये, वर आपला पावसाळा, म्हणजे बुरशी ठरलेली. फ्रेमला मागून हवा राहू द्या. खऱ्या ॲसिटेट सेलसुद्धा जुन्या झाल्या की वाकतात आणि त्यांना व्हिनेगरसारखा वास येतो, एवढं हे नाजूक प्रकरण आहे.

शिसपेन्सिल

मूळ मुद्द्यावर येतो. ताई म्हणतात चित्रपटही थरांचा होता. खरं आहे. पण तिथे सगळी धडपड थर लपवण्याची होती. शीटवर धूळ बसू नये, सावली पडू नये म्हणून काच दाबून ठेवायचे. तुम्ही नेमकी सावली पाडलीत. मग पद्धत तीच होती असं कसं म्हणता?

ओएचपी_शीट

दोन दिवस या प्रश्नाने मला सोडलं नाही.

बरोबर आहे तुमचं, पद्धत तीच नाही. लहानपणी टीव्हीवर ते पाणी बघताना मला ते खोल वाटायचं, आणि मी पडद्याजवळ जाऊन बाजूने वाकून खाली काय आहे ते बघायची. आई ओरडायची, डोळे खराब होतील. पडद्यावर तसं कधी काही दिसलं नाही. या चित्राकडे बाजूने वाकून बघितलं तर लाटांच्या मध्ये अंधार दिसतो. सावली मी त्यासाठी ठेवली. हे चित्रपटात नव्हतं, पोथीतही नव्हतं. परीक्षकांनी चित्र समोरून पाहिलं असणार.

वानरांचं मात्र मान्य करते. ट्रेस केलेत, आणि तुम्ही म्हणता तसे ते गोठलेत. काल रात्री सुरी घालून अकराही काढून टाकले. आमच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, तिथे विटा हातोहात वर चढवतात. सकाळपासून तेच रेखाटतेय. वीट घेणाऱ्याचा हात आधीच खाली आलेला असतो, देणाऱ्याचा अजून सुटलेला नसतो.

शिसपेन्सिल

ती रेखाटनं इथे टाका, जशी आहेत तशी. रंग नको, कागद नको. आणि एक फोटो चित्राचा बाजूने काढलेला. तो मी अजून पाहिलेला नाही.