मदत हवी आहे: सीएसएमटीवरची कोरीव जनावरं कशी टिपायची?

इतकी वर्षं लोकल पकडायच्या घाईत सीएसएमटीतून गेलो, मान वर केलीच नाही. परवा केली, तर फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. वर दगडात मोर, माकडं, वेलबुट्टी. १८८८ साली पुऱ्या झालेल्या इमारतीवरचं हे कोरीवकाम, त्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात!

वाघाचा फोटो झकास आला. पण भिंतीबाहेर जबडा वासून डोकावणारी वरची जनावरं म्हणजे नुसते काळे ठिपके. सकाळी गेलो होतो, सूर्य इमारतीमागे. (माझाच गाढवपणा.) दुपारनंतर जावं का? मोबाइलचा झूम ताणला की दगडाचा लगदा होतो. कॅमेऱ्याची सेकंडहँड ७०-३०० मिमी (लांबचं जवळ आणणारी) लेन्स घ्यावी, की दुर्बिणीला मोबाइल लावून भागेल? कुणी करून पाहिलंय?