गावकीत स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून द्यायची का? बहिणीसाठी विचारतेय

दापोलीकर ताई:
नमस्कार, धाकट्या बहिणीचं विचारायचंय, लांब होईल पण वाचा प्लीज. सासर गुहागर तालुक्यात, नवरा मुंबईत नोकरीला, लग्न २०१८ चं, मुलगी चार वर्षांची. दीड वर्ष झालं ती आमच्याकडेच आहे, परत जायचं नाही हे तिचं पक्कं, आणि आम्हीही समजावणं सोडलं कारण ती काय सोसून आलीय ते बघितलंय. आता सासरच्यांचा निरोप आलाय की आमच्या गावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, बैठक लावू, पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहू, चार लाख देतो, पुढे पोटगी मागायची नाही, आणि मुलगी पाच वर्षांची झाली की आमची. बाबा म्हणतात कोर्टात उमेदीची वर्षं जातील, घे पैसे आणि मोकळी हो. डोंबिवलीचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, चार वर्षं हप्ता तिच्या पगारातून गेलाय. दागिने सासूच्या लॉकरमध्ये, त्यात आमच्या आईच्या पाटल्यापण. सासरी हापूसची दीडशे कलमं आहेत, त्यात तिला काही मिळतं का? ती इथे लॅबमध्ये बारा हजारावर काम करते, म्हणून पोटगी मिळणारच नाही असं ते सांगतायत. बैठक येत्या रविवारी आहे.

श्रीवर्धनची:
ताई हात जोडून सांगते, सही करू देऊ नका. मी केली होती २०१४ ला. अशीच बैठक, वीस-पंचवीस पुरुष आणि मी एकटी, आई बाहेर पायरीवर बसलेली. दोन लाख भावाच्या हातात दिले, मला मोजायलाही मिळाले नाहीत. तो कागद मी देवघरात कुंकवाच्या डब्याखाली जपून ठेवला होता. सहा वर्षांनी दुसरं लग्न ठरलं तेव्हा वकिलाने बघितला आणि म्हणाला हा घटस्फोट नाही, कायद्याने तुम्ही अजून त्याचीच बायको आहात. ठरलेलं लग्न थांबलं, शेवटी कोर्टात जावंच लागलं आणि तोवर तो संमती द्यायला वेगळे पैसे मागायला लागला.

वकीलबाई रत्नागिरी:
वरच्या ताईंचं अगदी बरोबर आहे, माझ्याकडे असे कागद दर महिन्याला येतात. घटस्फोट हिंदू विवाह कायद्याखाली कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. आमच्यात काडीमोडाची रूढी आहे असं कोणी म्हणेल, कायदा रूढीला जागा देतो पण ती जुनी आणि सलग चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं, पंचांच्या सह्यांनी भागत नाही.

दोघांना सुटायचंच असेल तर कलम १३ब खाली संमतीचा अर्ज करा. एक वर्ष वेगळं राहिल्याची अट तुमची पुरी झालीय, अर्ज दिल्यावर थांबायचे मधले सहा महिने सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य केसमध्ये माफही होतात. म्हणजे बाबांची भीती संमतीच्या केसला नाही. अर्ज बहिणीने केला तर ती राहते त्या भागातल्या कोर्टात चालतो, मुंबईला खेपा नकोत. आणि तो ऐकत नसेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा रस्ताही उघडा आहे.

कमावते म्हणून पोटगीचा हक्क जात नाही, कोर्ट त्याचं उत्पन्न, राहणीमान सगळं बघतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आंब्याचे पैसे त्यात दाखवावे लागतात. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात म्हणून अर्ज लांबवू नका. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं १२५ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. त्याखालची पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा, आज देईल उद्या देईल म्हणत बायका थांबतात आणि पैसे बुडतात. मुलीची पोटगी तर आईने लिहून दिली तरी सुटत नाही, तो मुलीचा हक्क आहे.

पाच वर्षांचं त्यांनी उलटं सांगितलंय. पाचच्या खालचं मूल शक्यतो आईकडे असं कायदा म्हणतो, पाच झाली की बापाची असं कुठेच नाही, तेव्हाही मुलीचं हितच बघतात. बापाला भेटू मात्र द्या, ते मुलीसाठी गरजेचं आहे, पण कोणते रविवार, मे महिन्यात किती दिवस, गणपती कुणाकडे आणि शिमगा कुणाकडे हे सगळं लिहून घ्या. मोघम ठेवलं की दर सणाला भांडण.

हापूसच्या कलमांत बायको म्हणून हिस्सा नाही. पण बाग खरोखर एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित असेल तर मुलीचा त्यात जन्मापासून हक्क, आईबापाच्या घटस्फोटाने तो जात नाही, तेव्हा सातबारा आणि फेरफार काढून ठेवा. फ्लॅटचं म्हणाल तर आपल्याकडे लग्नातली मालमत्ता निम्मी-निम्मी वाटायचा कायदा नाही, पण करारावर तिचं नाव आहे आणि हप्त्यांचं स्टेटमेंट आहे. बँकेने कर्जातून नाव काढल्याशिवाय हक्कसोड देऊ नका, नाहीतर फ्लॅट त्याचा आणि कर्ज हिच्या डोक्यावर. दागिने स्त्रीधन, तिचेच, सुप्रीम कोर्टाने १९८५ लाच सांगितलंय. सासूने सांभाळायला ठेवले म्हणून सासूचे होत नाहीत.

फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. हेल्पलाइन १५१००.

सावंतवाडकर:
निम्म्या-निम्म्याचं वाचलं म्हणून लिहितो. माझी मामेबहीण पेडण्यात दिलेली, गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे. गोव्याच्या हद्दीवरचं बांदा गाव ओलांडलं की नियम बदलतो. त्यामुळे गोव्यातल्या कोणाचं ऐकून गुहागरच्या केसमध्ये अर्धा हिस्सा धरून बसू नका. आणि तुझ्या बहिणीक सांग, गो बाय, सही करू नको.

दापोलीकर ताई:
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, श्रीवर्धनच्या ताईंचं ऐकून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग स्वतःच फोन करून रविवारी येत नाही म्हणून कळवलं. आईने लग्नाचा अल्बम काढलाय, सप्तपदीच्या फोटोत पाटल्या स्पष्ट दिसतायत. सोमवारी विधी सेवाच्या ऑफिसात जातोय, काय काय न्यायचं?

वकीलबाई रत्नागिरी:
लग्नाचा दाखला नाहीतर पत्रिका, मुलीचा जन्मदाखला, तिची पगार स्लिप, हप्त्यांचं स्टेटमेंट, सोनाराच्या पावत्या सापडतील तेवढ्या. अल्बम अख्खा न्या, फोटो सुटे काढू नका.